कार्पेटखालचा पत्रा

जुन्या गाडीचा सौदा करताना माणसं बॉनेट उघडतात, इंजिन चालू करून कान देतात, दारं आपटून बघतात, टायरला पाय लावतात. डिकी उघडली तरी सामान किती मावेल एवढ्याच हिशेबाने. खरं तर गाडी कुठे राहिली, किती पावसाळे तिने उघड्यावर काढले, मागून कुणी ठोकली होती का, हे सगळं सांगणारी जागा डिकीच. इंजिन बांधून घेता येतं, रंग नवा मारता येतो, सीटांना नवं रेक्झिन चढतं. डिकीच्या कोपऱ्यातला पत्रा मात्र सहजासहजी खोटं बोलत नाही. विकणारा मुरलेला असेल तर तो त्या पत्र्यावर कार्पेट टाकूनच ठेवतो. करड्या रंगाचं, गुळगुळीत, नव्या मालाचा वास येणारं. घेणारा हात फिरवतो आणि खूश होतो.

या प्रकरणात आपण तेच कार्पेट बघणार आहोत, पण खालच्या बाजूने.

गाव घेऊ मिरजगाव. कर्जत तालुक्यातलं, नगर-सोलापूर रस्त्यावरचं. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी रस्त्याला लोक अजून नगर-सोलापूरच म्हणतात. अशा रस्त्यावरच्या गावांत गॅरेजवाले, पंक्चरवाले, वेल्डिंगवाले आणि कुशनवाले हे रस्त्याच्या जिवावर जगणारे लोक. त्यातला कुशनवाला शहरातल्या चकाचक अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानदारापेक्षा वेगळा. मोटारसायकलच्या फाटक्या सीटपासून ट्रॅक्टरच्या गादीपर्यंत आणि टेम्पोच्या केबिनपासून घरच्या सोफ्यापर्यंत सगळं त्याच्या एकाच मशीनवर शिवलं जातं. जुन्या गाडीची डिकी त्याच्याकडे क्वचितच येणार. पण ते काम त्याच्याच हातचं आहे, कारण पद्मिनीसारख्या गाडीचं तयार साच्यातलं कार्पेट मिळणं मुश्कील. मापं घ्यायची, कापायचं, शिवायचं, बसवायचं.

पद्मिनीचं नाव मुद्दाम घेतलं. या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, सोलापुरात, १८८२ मध्ये वालचंद हिराचंद दोशी जन्मले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा केला. सुरुवात अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लायमाउथ, डी सोटो या गाड्यांनी झाली. मग इटलीच्या फियाटशी सूत जुळलं आणि १९५४ च्या सुमारास फियाट ११०० इथे बनू लागली. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशी नावं बदलत ती १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. डिलाइटपासून पुढे जाळी बदलली, दिवे बदलले, पण १०८९ सीसीचं इंजिन आणि गाडीचं अंग जवळपास तेच राहिलं. २००० च्या आसपास उत्पादन थांबलं तेव्हा गावोगावच्या डॉक्टरांची, वकिलांची, कारखान्याच्या संचालकांची ही गाडी एकदम जुनी वाटू लागली होती. आता तीच 'क्लासिक' म्हणून पुन्हा घरात येते आहे.

या गाडीच्या डिकीत कारखान्यातून काय यायचं? रंगवलेला पत्रा, स्टेपनी, जॅक, पाना, आणि फार तर रबराची मॅट. अ‍ॅम्बेसेडरची गत फार वेगळी नव्हती. यात कंजुषी थोडी आणि त्या काळची समजूत जास्त. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीला डिकीच नव्हती. सामानाची पेटी मागच्या घोडीवर पट्ट्याने बांधायची. १९३० च्या दशकात ती पेटी हळूहळू गाडीच्या अंगातच सामावली, तरी तिच्याकडे बघण्याची नजर बदलली नाही. ती बाहेरची जागा. माणसं बसतात तिथे गालिचा, सामान बसतं तिथे पत्रा.

अमेरिकन गाड्यांत याची एक गमतीदार सोय होती. साठच्या दशकात तिकडे अनेक कंपन्या डिकीच्या आत ठिपक्याठिपक्यांचा रंग मारायच्या. काळ्या किंवा करड्या रंगावर पांढरे, निळसर शिंतोडे. त्यामुळे वेल्डिंगचे डाग, पत्र्याच्या लहानसहान उणिवा आणि पुढे पडणारे ओरखडे नजरेला येत नसत. वर चौकडीची एक पातळ मॅट टाकली की झालं. म्हणजे त्या काळच्या शेव्हरले किंवा प्लायमाउथच्या डिकीत आज जाडजूड मखमली कार्पेट दिसलं, तर ते नंतर कुणीतरी हौसेने घातलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

डिकीत कार्पेट खऱ्या अर्थाने शिरलं ते मागचं दार उघडणाऱ्या छोट्या गाड्यांमुळे. १९६५ ची रेनो १६, १९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ, आणि आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००. या गाड्यांत माणसं आणि सामान यांच्यामध्ये पत्र्याची भिंत उरली नाही. मागच्या पत्र्याचा खडखडाट थेट कानात येऊ लागला, मागचा पसारा काचेतून दिसू लागला. त्याच सुमाराला सुयांनी टोचून बनवलेलं, न विणलेलं स्वस्त कार्पेट कारखान्यांच्या हाती आलं होतं. गरम करून साच्यात दाबलं की ते हवा तो आकार घेतं. गरज आणि माल एकदमच आले, आणि उघडा पत्रा दिसणं हे गरिबीचं लक्षण ठरलं. आज जुन्या पद्मिनीचा मालक डिकीत कार्पेट मागतो तो ही नवी नजर घेऊनच. त्यात चूक काही नाही. फक्त आपण गाडी 'मूळ रूपात' आणतो आहोत असं त्याने समजू नये.

मूळ रूपाचा मुद्दा कायद्यातही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते, आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नियमाचा भर सांगाडा, अंग आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत यावर आहे. डिकीत सुटं अंथरलेलं कार्पेट त्याच्या आड येत नाही. पण पत्र्याला भोकं पाडून, मागची भिंत कापून स्पीकरचे डबे बसवणारे महाभाग असतात. त्यांनी हात आवरावा.

मग कार्पेट घालायचंच कशाला? तीन कारणं खरी आहेत. सामान घसरत नाही, रंगाला ओरखडे पडत नाहीत, आणि पत्र्याचा कर्कश आवाज दबतो. डिकीचा तळ म्हणजे मोठा सपाट पत्रा. खडबडीत रस्त्यावर तो ढोलासारखा वाजतो. त्याला गप्प करायचं काम एकट्या कार्पेटच्या आवाक्यातलं नाही. पत्र्याचं थरथरणं थांबवायला जड, चिकट थर लागतो, म्हणजे डांबराची शीट. ती सगळीकडे डकवायची गरज नसते. सपाट भागाच्या पंचवीस-तीस टक्के जागेवर नीट बसवली तरी आवाजात मोठा फरक पडतो. वरचा बारीक आवाज नमद्याचं अस्तर आणि कार्पेट शोषून घेतात. डांबराची शीट कोपऱ्यात, सांध्यांवर आणि पाणी निघून जायच्या भोकांवर मात्र कधीच लावू नये.

आता धूळ. मिरजगावच्या बाबतीत हा विषय गंजाच्याही आधी येतो. कर्जत तालुका पर्जन्यछायेतला. काळविटांचं रेहेकुरी अभयारण्य याच तालुक्यात आहे आणि माळढोकासाठी राखलेल्या माळांतही या तालुक्याचा वाटा आहे, यावरून जमीन कशी आहे ते कळावं. वर्षाचा पाऊस साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर. मुंबईत त्याच्या चौपट पडतो. महामार्ग कितीही गुळगुळीत झाला तरी वस्तीवर, शेतात जाणारी वाट मातीचीच, आणि उन्हाळ्यात त्या मातीचं पीठ झालेलं असतं.

ही धूळ डिकीत जाते कशी? रबर जुनं झालंय, फट आहे, हे उत्तर अर्धंच. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ त्यात गरगरत राहते. खिडक्या उघड्या असल्या की गाडीतली हवा बाजूने बाहेर ओढली जाते. तिची भरपाई करायला हवा मिळेल तिथून, म्हणजे डिकीच्या फटींतून, आत घुसते. पद्मिनीसारख्या गाडीत मागच्या सीटच्या पाठीमागे पुठ्ठ्याचा पडदा असतो. तो फाटलेला असेल तर डिकीतली हवा थेट माणसांपर्यंत येते. सायलेन्सरचं तोंडही तिथेच खाली असतं. धूळ येते त्या वाटेने धूरही येतो, आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. मागच्या सीटवरच्या पोराला लांबच्या प्रवासात डोकं दुखतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो गाडी लागली. डिकीचं रबर एकदा तपासा.

धुळीचा एक उपकारही आहे. ती स्वतःच आपली वाट दाखवते. डिकी पुसून कोरडी करायची, कच्च्या रस्त्यावर ट्रकच्या मागे चार-पाच किलोमीटर गाडी न्यायची आणि मग झाकण उघडायचं. जिथे फट असेल तिथून आत पंख्यासारखी पसरलेली तांबूस-करडी रेघ दिसते. मागच्या दिव्याच्या गॅस्केटपाशी, कुलपाच्या भोकापाशी, झाकणाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत हमखास. खात्री करायची तर कागदाची पट्टी रबर आणि पत्रा यांच्यामध्ये धरून झाकण लावायचं आणि ओढायची. कागद घट्ट बसला तर रबर काम करतंय. सुळकन निघून आला तर तिथून धूळही येते आणि जूनमध्ये पाणीही येणार. रबर नवं आणताना जाडी तीच बघा. जास्त जाड रबर बसवलं की झाकण लागत नाही, मग लोक झाकणावर बसतात, आणि बिजागरी वाकते.

आता गंज. कोरड्या मुलखातल्या गाडीला गंज कमी, हे खरंच आहे. हवेतला ओलावा साधारण साठ टक्क्यांच्या वर गेला की उघड्या लोखंडाच्या गंजण्याला वेग येतो. त्यात समुद्राचं मीठ मिसळलं की विचारूच नका. मिरजगावची हवा वर्षातले बरेच महिने त्या रेषेच्या खाली असते. अडचण अशी की गाडी मिरजगावात जन्मलेली नसते. आज जुनी फियाट विकत घेतली तर ती बहुधा मुंबईची किंवा पुण्याची. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये हटली. ती २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली होती, आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. टॅक्सी गेल्या, तरी त्याच शहरात, त्याच खाऱ्या हवेत वाढलेल्या खासगी पद्मिनी आहेतच. त्यांतल्या अनेकींच्या डिकीत एकेकाळी सीएनजीची टाकी होती. किट काढलं की टाकीच्या घोडीच्या बोल्टची भोकं तळात उरतात. कुणी त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो, कुणी नुसतं कार्पेट टाकतो. चाकाने उडवलेलं पाणी त्याच भोकांतून वर येतं आणि कार्पेट ते पिऊन बसतं.

हाच सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. उघडा पत्रा ओला झाला तर तासाभरात वाळतो. कार्पेटखालचा पत्रा ओला झाला तर आठवडाभर ओला राहतो, आणि वरून हात लावला तर कार्पेट कोरडंच लागतं. कार्पेटने पत्रा वाचत नाही. कोरड्या पत्र्यावरचं कार्पेट निरुपद्रवी असतं, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

म्हणून कार्पेट घालायचं ठरलं की पहिलं काम जुनं सगळं उपटून काढायचं. बहुतेक वेळा थर निघतात: वर रेक्झिन, त्याखाली फोम, त्याखाली कुजलेलं गोणपाट, आणि त्याखाली सोल्यूशनचे पिवळे पापुद्रे. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तळ सगळीकडे ठोकायचा. चांगला पत्रा खणखणतो, लांबी भरलेला भाग बद बोलतो. पातळ कापडात लोहचुंबक गुंडाळून फिरवलं तर जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाहीच, नुसती लांबी आहे. स्टेपनीच्या खालची जागा, चाकावरची कमान जिथे तळाला मिळते तो सांधा आणि झाकणाच्या रबराखालची किनार, या तीन जागी तरी हात घातल्याशिवाय राहू नका. पत्रा गेला असेल तर कापून नवा पत्रा जोडायचा. त्याला दुसरा इलाज नाही. वेल्डिंगच्या वेळी डिकी रिकामी हवी, पेट्रोलच्या टाकीचा विचार आधी व्हायला हवा आणि पाण्याची बादली हाताशी हवी. टाकी काढल्याशिवाय तिच्या जवळपास गॅस पेटवायला जो मिस्त्री तयार होतो, त्याच्याकडे काम देऊ नका.

वरवरचा गंज ब्रशने खरवडून त्यावर गंज बदलणारं रसायन मारता येतं. त्यातलं फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन गंजाशी संयोग पावून काळपट, घट्ट थर बनवतं. त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग रंग. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा लाल रेडऑक्साईड स्वस्त आहे, ग्रिलला आणि गेटला ठीक आहे. पण तो एकटाच ठेवला तर ओलावा त्यातून खाली झिरपतो. गावाकडे आणखी एक घरगुती उपाय चालतो: गाडीच्या पोटाला जळालेलं ऑइल मारणं. नांगराच्या फाळाला चालेल. डिकीत नको. ऑइल रबर फुगवतं, धूळ धरून ठेवतं आणि त्यावर कुठलंच सोल्यूशन चिकटत नाही.

मग येतो माल. कुशनवाल्याच्या फळीवर साधारणपणे रोलमधलं न विणलेलं कार्पेट, लूपचं कार्पेट, शेवयांसारख्या वळकट्यांची प्लास्टिकची नूडल मॅट आणि हल्ली थ्रीडी, फाइव्हडी, सेव्हनडी नावाच्या शिवलेल्या मॅट असतात. लांबी, रुंदी, उंची या तीन मिती आपल्याला शाळेत शिकवल्या. उरलेल्या चार दुकानदारालाच ठाऊक. या शिवलेल्या मॅटखाली फोम असतो आणि कडेने पाणी आत गेलं की ते बाहेर यायला वाट नसते. जुन्या गाडीत त्या घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. नूडल मॅट दिसायला वाईट, पण माती आणि पाणी खाली सोडते आणि झटकली की साफ होते. शेतातून ये-जा करणाऱ्या गाडीला ती वर टाकायला उत्तम.

माल कशाचा आहे हे दुकानदार सांगेल त्यावर विसंबू नका. कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि काडी दूर नेली की विझते. नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. सूत किंवा रेयॉन कागदासारखं भुर्रकन जळतं आणि राख उरते. ही पोरखेळाची गोष्ट नाही. अमेरिकेने १९७२ पासून नियमच केला की गाडीच्या आतल्या मालावर आग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. हा नियम माणसं बसतात त्या भागासाठी असला तरी पेट्रोलची टाकी आणि दिव्यांच्या तारा डिकीच्याच शेजारी असतात, हे लक्षात घ्या. गाड्यांसाठी बनवलेला माल थोडा महाग पडतो. लग्नमंडपात अंथरायच्या कार्पेटचा तुकडा स्वस्त पडतो. फरक काडी लावली की कळतो.

घोंगडीचा विचार इथे डोक्यात येणं साहजिक आहे. कर्जत-जामखेडच्या माळांवर दख्खनी मेंढ्यांचे कळप हिंडतात, अहिल्याबाईंचं चौंडी शेजारच्याच तालुक्यात आहे. या मेंढीची लोकर भरड, आखूड. तिची घोंगडी चिंचोक्याची खळ देऊन ताठ केली जाते. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही. मेंढपाळाच्या पाठीवर हा गुण आहे, डिकीच्या पत्र्यावर हाच दोष. शिवाय कसर लागते. घोंगडी अंथरायची तर सुटी, वरच्या वर, आणि दर महिन्याला झटकून. तशी ती कुठल्याही नायलॉनपेक्षा देखणी दिसते, हे मात्र मान्य करायला हवं.

कार्पेटखालचं अस्तरही गावानुसार बदलतं. मिरजगावात जूटचा नमदा चालतो. रत्नागिरी किंवा अलिबागच्या गाडीत तो घालणं म्हणजे पत्र्याला ओल्या पोत्यात गुंडाळणं. तिथे पाणी न पिणारा बंद छिद्रांचा फोम हवा.

आता कापणी. चांगला कुशनवाला कार्पेटला लगेच कात्री लावत नाही. आधी तो तळावर जाड ब्राऊन पेपर अंथरतो, कडा बोटांनी दाबून घडी उमटवतो, कमानीपाशी चिरा देतो आणि साचा तयार करतो. हा साचा कार्पेटच्या उलट्या बाजूवर ठेवून खडूने आखायचा असतो, आणि नवख्याचा घोटाळा नेमका इथे होतो. साचा उलटा न करता आखला की डाव्या चाकाची खाच उजवीकडे येते आणि माल वाया जातो. जाणता माणूस कागदावर आधीच 'वर', 'पुढे', 'डावी' असं लिहून ठेवतो. दुसरी खूण लवेची. कार्पेटवरून तळहात फिरवला की एका दिशेने लव बसते, उलट फिरवला की उभी राहते. सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेने हवी, नाहीतर एकाच रोलमधले दोन तुकडे उन्हात दोन रंगांचे दिसतात. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूचा बाण. पद्मिनीसारख्या डिकीला दोन मीटर रुंदीच्या रोलमधला साधारण दीड मीटर माल बाजूच्या भिंतींसह पुरतो.

चाकावरच्या कमानी गोल असतात. विणलेलं किंवा जाड पाठीचं कार्पेट तिथे बसत नाही, चुण्या पडतात. मग काप देऊन शिवावं लागतं. न विणलेलं, पाठ नसलेलं कार्पेट थोडं गरम केलं की ताणलं जातं आणि अंगासरशी बसतं. म्हणून कमानींना ते, आणि तळाला जाड लूपचं, अशी जोडी जमवली तर दोन्ही बाजूंनी फायदा. तळाच्या तुकड्याच्या कडा रेक्झिनच्या पट्टीने शिवून घ्यायच्या. गाडीच्या सीटचं रेक्झिन ज्या रंगाचं त्याच रंगाची पट्टी घेतली की काम लगेच उठून दिसतं.

चिकटवायचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावायचं, पत्र्यालाही आणि कार्पेटलाही, आणि मग दहा-पंधरा मिनिटं हात बांधून उभं राहायचं. बोट लावलं तर चिकटायला नको एवढं ते सुकलं की एकदाच दाबायचं. नंतर सरकवता येत नाही. घाई करणारा ओलंच चिकटवतो, आणि बंद डिकीत एप्रिलचं ऊन तापलं की बाजूचं कार्पेट सोलून खाली येतं. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, बंद पत्र्याच्या आत त्याहून कितीतरी जास्त. उष्णता सोसणारं सोल्यूशन मागून घ्या. काम उघड्यावर करा, आणि तेवढा वेळ विडी-सिगारेट लांब.

बाजूचं काम संपलं की कुशनवाला तळाकडे वळतो आणि डबा हातात घेऊन विचारतो, "दादा, तळपण चिकटवून टाकू का? एकदम फिट बसंल, हलणार नाही."

"नको मिस्त्री, तळ सुटाच राहू द्या. बटनं लावा चार."

"बटनं लावली तर पोरं उचलत्यात."

"उचलायलाच पाहिजे."

ही चार वाक्यं त्याच्याशी नक्की बोला. तळाचं कार्पेट चिकटवलं की त्याखालचा पत्रा पुढची दहा वर्षं कुणाला दिसणार नाही. सुटं ठेवलं, चार कोपऱ्यांना दाबायची बटणं किंवा चिकटपट्टी लावली, तर एका हाताने उचलता येतं, बाहेर काढून झटकता येतं, धुता येतं. पाणी जायच्या भोकांवरची रबरी बुचं, दिव्यांच्या मागचे होल्डर, तारांचे जोड आणि डिकीतून टाकीचा गळा जात असेल तर त्याचा सांधा, हे कार्पेटआड पूर्ण झाकू नका. तिथे झडप ठेवा. गाडीला सीएनजी असेल तर टाकीची व्हॉल्व्ह, हवेची नळी आणि टाकीवरची पाटी उघडी राहिलीच पाहिजे. टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी व्हावी लागते आणि तपासणाऱ्याला ती पाटीच वाचायची असते.

आणि एवढं सगळं केल्यावर त्या डिकीत ओल्या कांद्याची गोणी, गळकी दुधाची किटली किंवा ताजी भिजलेली ताडपत्री ठेवू नका. ठेवावीच लागली तर खाली प्लास्टिक टाका आणि घरी आल्यावर झाकण उघडं ठेवून डिकीला वारा लागू द्या. वॉशिंग सेंटरवर गाडी धुताना फवाऱ्याचा जोर झाकणाच्या फटीवर धरू नका. बोअरचं खारट पाणी एकदा कार्पेटखाली गेलं की कोरड्या मुलखाचा सगळा फायदा गेला. धान्याचा, शेंगांचा चुरा कोपऱ्यात राहिला तर उंदीर येतात. ते कार्पेट कुरतडून घरटं करतात आणि जाता जाता दिव्यांची वायरही तोडतात.

वर्षातून एक दिवस मात्र ठरवून ठेवा, आणि तो दसऱ्याचाच ठेवा. पावसाळा नुकताच सरलेला असतो, त्यामुळे पाणी कुठून आलं त्याच्या खुणा ताज्या असतात, आणि गाडी त्या दिवशी धुवायचीच असते. झेंडूचा हार घालण्याआधी डिकीतलं कार्पेट बाहेर काढून उन्हात पसरा, नमदा उचला, कोपऱ्याकोपऱ्यात कोरडं फडकं फिरवा. फडक्यावर तांबूस डाग आला तर त्याच आठवड्यात वेल्डिंगवाल्याकडे जा. आणि पुढे कधी जुनी गाडी घ्यायला गेलात आणि डिकीत नवंकोरं कार्पेट तळाला चिकटवलेलं दिसलं, तर एक कोपरा उचलून बघू देण्याची अट घाला. मालक नाही म्हणाला तर ती गाडी घेऊ नका.